कुंडीतला वाटाणा आणि पिग्मीवाल्या ताई

1912 साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या बेचाळिशीतल्या गृहस्थांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर विलायतेहून मागवलेला कॅमेरा लावून ठेवला. बी फुगलं, कोंब वर आला, पानं सुटली, वेल झाला. रोप वाढत गेलं तसतशा ते थांबून थांबून एकेक फ्रेम घेत गेले. पडद्यावर हा सगळा प्रकार मिनिटभरात उरकायचा. 'अंकुराची वाढ' असं त्या तुकड्याचं नाव. फाळक्यांनी तो ओळखीतल्या निवडक लोकांना दाखवला आणि त्यातल्या यशवंतराव नाडकर्णींसारख्या काहींनी चित्रपटासाठी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

तो चित्रपट म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'. त्याच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला वाटाण्याबद्दल लिहायचंय. मी ॲपच्या डिझाइनचं काम करतो, म्हणजे यूएक्सवाला: ॲप वापरणाऱ्याला ते सोपं जावं हे बघणारा. आमच्या कार्यशाळांमध्ये दर वर्षी कुणीतरी चित्रपट आणि यूएक्सची तुलना मांडतंच. दोन्हीकडे गोष्ट सांगायची असते, दोन्हीकडे स्टोरीबोर्ड असतो, दोन्हीकडे माणसाच्या भावनांचा विचार करायचा असतो. खरं आहे, पण त्यातून सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन काय वेगळं करायचं ते कळत नाही. वाटाण्यावरून मला ते कळलं. तेही एका मीटिंगमध्ये आम्ही सपाटून तोंडावर पडल्यानंतर.

आमच्या चोवीस स्क्रीन

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. नाव सांगत नाही. तिचा सगळा जीव पिग्मीवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एजंट रोज बाजारातून फिरतो, दुकानदार, टपरीवाले, भाजीवाल्या त्याच्याकडे पन्नास, शंभर, दोनशे रुपये देतात, तो कार्डावर नोंद करून सही करतो, आणि मुदत संपली की व्याजासकट रक्कम हातात येते. ही पद्धत 1928 साली कर्नाटकातल्या किनारपट्टीवर सिंडिकेट बँकेने सुरू केली असली, तरी आमच्याकडच्या बाजारपेठांना ती इतकी अंगवळणी पडलीय की 'पिग्मी' हा शब्द मराठी नाही असं सांगितलं तर लोक हसतील.

संस्थेला एजंटांच्या हातात मोबाइल ॲप द्यायचं होतं. आम्ही सहा आठवडे खपून प्रोटोटाइप केला. चोवीस स्क्रीन. लॉगिन, ओटीपी, डॅशबोर्ड, खात्यांची यादी, भरणा, पावती, अहवाल, सुट्टीचा अर्ज, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा. खऱ्या ॲपसारखाच दिसणारा, फक्त आत काही नसलेला.

संचालक मंडळापुढे तो ठेवला. पहिली पंधरा मिनिटं लोगोचा निळा रंग संस्थेच्या पाटीवरच्या निळ्यासारखा का नाही यावर गेली. मग एका संचालकांनी विचारलं, "पहिल्याच पानावर संस्थापकांचा फोटो नाही घेतला का?" फोटो डावीकडे असावा की मधोमध यावर दोन गट पडले. मॅनेजर साहेब कोपऱ्यात गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "छान आहे, पण आमची माणसं हे वापरतील का हो?" चोवीस स्क्रीनपैकी एकाकडेही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. चहा आला, मीटिंग संपली, काम लोंबकळलं.

त्या संध्याकाळी मी दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्गावरून स्टेशनकडून घराकडे चाललो होतो. याच रस्त्यावरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. रोज तिथूनच येतो, पाटीकडे लक्ष जात नाही. त्या दिवशी गेलं.

सावकाराला काय कळत नव्हतं

फाळक्यांची अडचण काय होती ते आधी नीट पाहू. 1911च्या सुमारास त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत या विचाराने त्यांना झपाटलं. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. त्यानंतर ते रोज तासन्‌तास चित्रपट पाहत राहिले, मिळेल त्या यंत्राशी खेळत राहिले, झोप सोडली, इतकी की दृष्टी जायची वेळ आली आणि डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी 1912मध्ये लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असंच सुचवलं, मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गाठ घालून दिली. दोनेक आठवडे स्टुडिओ पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची ऑर्डर देऊन, फाळके 1 एप्रिल 1912 रोजी परतले.

म्हणजे ज्ञान होतं, सामान येत होतं, गोष्ट ठरत आली होती. पैसे नव्हते. आता पैसे देणाऱ्याच्या जागी बसून बघा. समोर एक माणूस बसलाय. हा पूर्वी गोध्रा शहरात फोटोग्राफर होता. मग छपाईच्या धंद्यात शिरला आणि भागीदारांशी न पटून बाहेर पडला. मधल्या काळात 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करायचा. फाळके उलटं वाचलं की केळफा. असा माणूस सांगतोय की मी पडद्यावर देव हलवून दाखवतो. देव हलतील हे सावकाराला पटत होतं, ते त्याने विलायती चित्रपटांत पाहिलंच होतं. त्याची शंका एकच होती: हे तुला जमेल का? इथे, मुंबईत, तुझ्या घरात, बाहेरचा कारागीर न आणता?

मला फाळक्यांची खरी कमाल इथे दिसते. त्यांनी हरिश्चंद्राचा एखादा प्रसंग करून दाखवला नाही. दाखवला असता तर काय झालं असतं ते मी पतसंस्थेत पाहून आलो होतो. सावकाराने मुकुट पाहिला असता, तारामतीची मिशी दिसतेय म्हणाला असता, राजवाडा कापडाचा वाटतोय म्हणाला असता. नट, दागिने, पडदे यांच्या गर्दीत 'तुला जमेल का' हा प्रश्न हरवून गेला असता. वाटाण्याला मुकुट नसतो. वाटाण्याच्या अभिनयाला कुणी नावं ठेवत नाही. बघणाऱ्याला बघण्यासारखी एकच गोष्ट उरते: जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते या माणसाने दाखवलं.

रोप दिसतं तितकं साधं नव्हतं

हा भाग जरा खोलात जाऊन सांगतो.

त्या काळच्या कॅमेऱ्याला हँडल असायचं. साधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत, आणि सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम असा हिशेब. माणसं चालता-बोलताना घ्यायची तर हात एका लयीत फिरवला की झालं, थोडंफार मागेपुढे प्रेक्षक खपवून घेतो. रोपाचं तसं नाही. एक फ्रेम घ्यायची, थांबायचं, पुन्हा एक घ्यायची. दोन फ्रेमच्या मध्ये कॅमेरा नखभर हलला तर पडद्यावर रोप उडी मारतं. कुणी कुंडीला धक्का दिला तर अख्खी खोली हादरल्यासारखी दिसते. उजेड कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकतं. फिल्मच्या कडेची भोकं एकसारखी नसतील तर चित्र वरखाली नाचतं. धुताना रसायन नीट लागलं नाही तर डाग पडतात. चित्रीकरण, भोकं पाडणं, धुणं, छापणं, पडद्यावर टाकणं, या साखळीतली प्रत्येक कडी त्या एका मिनिटात उघडी पडते. बघणाऱ्याला खेळ, करणाऱ्याला कठोर परीक्षा.

खर्चाचा अंदाज मी आपल्या परीने लावून पाहिला. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात. सेकंदाला सोळाच्या वेगाने मिनिटभराचं चित्र म्हणजे 960 फ्रेम, म्हणजे साठ फूट फिल्म. 'राजा हरिश्चंद्र' झाला 3700 फुटांचा. म्हणजे प्रोटोटाइपला तयार चित्रपटाच्या साधारण साठाव्या भागाइतकी फिल्म लागली. नटांचा पगार शून्य, कपडेपट शून्य. वेळ मात्र रोपाला लागतो तेवढा लागलाच, त्यात घाई करता येत नाही. आमच्या धंद्यात उलटं असतं. आम्ही प्रोटोटाइपवर तयार मालाच्या निम्मी मेहनत ओततो आणि युजरबरोबर बसायला मात्र दोन दुपारी काढत नाही.

आणि इथे सरस्वतीबाई फाळक्यांना वगळून पुढे गेलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. कच्ची फिल्म विनाभोकांची यायची. अंधाऱ्या खोलीत बसून, हातांच्या अंदाजाने, यंत्रावर तिला भोकं पाडायचं काम त्या शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनंही त्या करत. एका फ्रेमला दोन्ही कडा धरून आठ भोकं. सगळी फिल्म घरीच भोकलेली धरली, तर तयार चित्रपटाच्या एकाच प्रतीचा हिशेब पावणेपाच लाख भोकांच्या घरात जातो. यंत्र ती एकेक पाडत नसे हे खरं, पण फिल्म सरळ धरणारा हात अंधारात त्यांचाच होता. वर चित्रीकरणाच्या दिवसांत साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि भांडवलासाठी अंगावरचे दागिने. पुढे श्रेयनामावली लिहायची पद्धत आली तेव्हा त्यांच्या कामाला काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. आमच्या भाषेत अशा पडद्यामागच्या कामाला बॅकएंड म्हणतात आणि आमच्याकडेही त्याला टाळ्या पडत नाहीत.

ताईंच्या मागे मागे

मी पतसंस्थेच्या मॅनेजर साहेबांना फोन केला आणि म्हणालो, मला एका एजंटबरोबर तीन दिवस नुसतं फिरू द्या. त्यांनी एका ताईंची गाठ घालून दिली. पन्नाशीच्या, एकोणीस वर्षं पिग्मी गोळा करणाऱ्या, खांद्याला रेक्झिनची पर्स, हातात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. माझ्याकडे पाहून पहिलं वाक्य, "तुम्ही चालाल का एवढं? चप्पल बदला."

बाजाराच्या मुख्य पेठेतून त्या जाताना उजव्या बाजूची दुकानं करतात आणि येताना डाव्या बाजूची. चाळीसेक गिऱ्हाइकं. एका दुकानात सरासरी अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. भांड्यांच्या दुकानातला माणूस मान वरही करत नाही, गल्ल्यातून शंभराची नोट काढून पुढे सरकवतो, तोवर ताईंनी गठ्ठ्यातून त्याचं कार्ड वर काढलेलं असतं. शोधत नाहीत. गठ्ठा दुकानांच्या क्रमाने लावलेला आहे. पुढचं दुकान, पुढचं कार्ड. रसवंतीगृह बंद असलं तर ते कार्ड आडवं घालून खाली सरकवायचं, परतताना आडवी कार्डं पुन्हा बघायची.

मी पेठेच्या मधोमध उभा राहून कपाळावर हात मारून घेतला. आमच्या चोवीस स्क्रीनमधली खात्यांची यादी आद्याक्षरांनुसार होती. वर एक शोधायची चौकट. ताईंना प्रत्येक दुकानात उन्हात उभं राहून नाव टाइप करायला लावणार होतो आम्ही. गठ्ठ्यातला क्रम म्हणजे त्यांनी एकोणीस वर्षांत केलेलं संकलन होतं, संकलक शॉट लावतो तसं: कशामागून काय यायचं ते ठरलेलं, त्यामुळे पुढचं आपोआप हातात येतं. सगळे शॉट आद्याक्षरांनुसार लावलेला चित्रपट कुणी पाहील का?

दुसरी गोष्ट हातांची. डाव्या हातात नोट आणि कार्ड, उजव्यात पेन. मोबाइल आला की पेन जाणार, म्हणजे एकच अंगठा मोकळा. तिसरी गोष्ट अशी की बहुतेक गिऱ्हाइकं रोज तीच रक्कम देतात. काल शंभर तर आज शंभर.

परत आल्यावर आम्ही चोवीस स्क्रीन बाजूला ठेवून एकच केली. लॉगिन नाही, लोगो नाही, रंग दोन. ताईंच्या पेठेतली चाळीस नावं त्यांच्या चालण्याच्या क्रमाने. वर चालू गिऱ्हाईक ठळक अक्षरांत, खाली कालची रक्कम आधीच भरलेली, अंगठ्याखाली 'जमा' हे मोठं बटण. दाबलं की पुढचं नाव. दुकान बंद असेल तर नाव बाजूला सरकवायचं, ते परतीच्या यादीत जाऊन बसतं. स्क्रीनची मांडणीही पिग्मी कार्डासारखी ठेवली, तारीख, रक्कम, एकूण, त्याच क्रमाचे रकाने. माहिती फोनमध्येच राहायची, मागे सर्व्हर वगैरे काही नाही.

ताईंनी तो फोन घेऊन एक फेरी मारली आणि मी मागून त्यांचा व्हिडिओ घेतला. कापून तो सत्तर सेकंदांचा केला: ऊन, भांड्यांचं दुकान, नोट, अंगठा, पुढचं दुकान. संचालक मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मी एकही स्लाइड नेली नाही. तो व्हिडिओ लावला. संस्थापकांच्या फोटोबद्दल कुणी बोललं नाही, कारण फोटो लावायला जागाच नव्हती. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "पेठेच्या त्या टोकाला रेंज नसते, तिथे काय?" वर्षभरात मला विचारला गेलेला तो पहिला कामाचा प्रश्न होता. अजून एकदा व्हिडिओ लावा म्हणाले. मंजुरी मिळाली.

नवी वस्तू, जुनी गोष्ट

कार्डासारखी मांडणी ठेवण्यामागेही फाळक्यांचीच शिकवण आहे, म्हणून पुन्हा 1913कडे जातो.

मूकपट. आवाज नाही. मधे मधे अक्षरांच्या पाट्या, त्याही वाचता येणाऱ्यांसाठीच. प्रेक्षकांपैकी कित्येकांनी भारतीय माणसं पडद्यावर हलताना कधीच पाहिलेली नाहीत. अशा वेळी अनोळखी कथा सांगितली असती तर लोक यंत्र समजून घेता घेता कथा हरवून बसले असते. हरिश्चंद्र सगळ्यांना पाठ होता. कीर्तनात ऐकलेला, नाटकात पाहिलेला. राजा आहे, स्वप्नातलं वचन आहे, विश्वामित्र आहे, रोहिदास आहे, डोंबाघरची चाकरी आणि स्मशान आहे. पडद्यावर जटा दिसल्या की हे विश्वामित्र, पाटी वाचायची गरज नाही.

दिसण्याचंही तेच. रवि वर्म्यांच्या चित्रांच्या छापील तसबिरी घरोघरी भिंतीवर होत्या, आणि लोणावळ्याजवळच्या त्या छापखान्याशी फाळक्यांचा कामानिमित्त संबंध आलेला. राजा कसा उभा राहतो, राणीचा पदर कसा पडतो, हे लोकांच्या डोळ्यांत आधीच छापलेलं होतं. चित्रपट सुरू होतो तो राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, राणी शेजारी आहे अशा घरगुती दृश्याने. दरबार नाही, युद्ध नाही. कोण कुणाचं कोण ते एका नजरेत कळतं, आणि पुढे काय मोडणार आहे तेही.

माणूस एका वेळी एकच नवी गोष्ट पचवतो. फाळक्यांनी माध्यम नवं दिलं आणि बाकी सगळं जुनं ठेवलं. आमच्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये फोन नवा, मांडणी नवी, शब्दही नवे. 'भरणा' शब्द सोडून 'ट्रान्झॅक्शन' लिहिलं होतं आम्ही, कशासाठी ते आता आठवतही नाही.

तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं, जे तोवर एका खाणावळीत स्वयंपाकाला होते. बाया मिळाल्या नाहीत ही अडचण होती, पण रंगभूमीवर पुरुषांनी स्त्री भूमिका करायची लोकांना सवय होती, त्यामुळे ती निभावली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्रीकरणाला सहा-सात महिने लागले. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण चालू असताना भालेतलवारीवाल्या नटांना गावकरी दरोडेखोर समजले आणि पोलिसांनी सगळ्यांना धरलं असा किस्सा सांगतात. शेवटी कॅमेरा दाखवून समजावलं तेव्हा सुटका झाली म्हणे. खरा असो वा तिखटमीठ लावलेला, पुन्हा तेच: सांगून पटत नाही, दाखवून पटतं.

सुरतेचे तीन रुपये

21 एप्रिल 1913 रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी लागला. मुंबईत चालला. मग सुरत. तिथे पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये जमला असं सांगितलं जातं.

चित्रपट तोच, मग झालं काय? सुरतेचा प्रेक्षक करमणूक तासांवर मोजत होता. नाटक तासन्‌तास चालायचं, तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटायचे. हा खेळ तास-दीड तासात खलास. फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तेही काही आण्यांत. गर्दी झाली.

हे वाचल्यावर मी पुन्हा हिशेबाला बसलो. 3700 फुटांना सोळाने गुणलं तर 59,200 फ्रेम येतात. म्हणजे सत्तावन हजार हा आकडा जवळपास बरोबर आहे, उलट हातचं राखून सांगितलेला. दोन मैल मात्र थाप. 3700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. आज एखाद्या ॲपने असं केलं तर आम्ही त्याला फसवं डिझाइन म्हणून नावं ठेवू, आणि ठेवायलाच हवीत. पण सत्तावन हजारांचा अर्धा भाग मला फार आवडतो. तासांची फूटपट्टी लावून मोजणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी दुसरी, खरी फूटपट्टी दिली. प्रोफेसर केळफांना प्रेक्षकाचा डोळा कुठे फिरवायचा ते माहीत होतं.

तुलना इथून पुढे ताणली तर तुटते. चित्रपटाचा प्रेक्षक अंधारात, खुर्चीत, तिकीट काढून बसलेला असतो. आमचा युजर उन्हात उभा असतो, मागे स्कूटर हॉर्न देत असते, आणि त्याने ॲप मागितलेलंच नसतं. चित्रपट एकदा कापला की कापला, आमचं दर पंधरवड्याला बदलतं, ज्याचा युजरला वैताग येतो. वाटाण्याचा धडा इथे लागू पडतो म्हणून बाकी सगळं लागू पडतंच असं नाही.

आमची सुरत मात्र आम्हालाही भेटली. सहा एजंटांना ॲप दिल्यावर आम्ही मोठ्या अभिमानाने कार्ड बंद करायचं सुचवलं. भरणा झाला की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज जाईल, जमा रक्कम, एकूण शिल्लक, सगळं. पंधरा दिवसांत ताईंच्या पेठेतल्या सहा-सात बायकांनी पिग्मी थांबवली. कारण कुणी सांगेना. मी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, त्या बांगड्यावालीचा नंबर कुणाचा लावलाय तुम्ही? नवऱ्याचा. घरात एकच फोन आहे. चार वर्षं त्याला न सांगता साठवतेय ती. तुमच्या मेसेजने परवा त्याला शिल्लक कळली."

आम्ही पावती मोजली होती वेगावर, विश्वासावर, कागद वाचवण्यावर. त्या बाईची मोजपट्टी एकच होती, ती म्हणजे कोण बघतंय. त्याच आठवड्यात नाव बाजूला सरकवण्याच्या शेजारी 'मेसेज नको' अशी खूण आली, आणि कार्ड बंद करायचा ठराव आम्ही स्वतःहून मागे घेतला.

थांबलेल्यांपैकी चौघी परत आल्या. बांगड्यावाली नाही आली. ताई अजून पेठेतून जाताना उजवीकडची आणि येताना डावीकडची दुकानं करतात. उजव्या हातात फोन, डाव्या हातात रबरबँड लावलेला गठ्ठा, पूर्वीपेक्षा थोडा बारीक झालेला.